‘हँग्री’ नेमका कुणाच्या पोटातून आला?

तिरफळ
मंगळवार, रात्री ९:१२

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर परवा एक ढकलपत्र येऊन पडलं. मथळा नेहमीचाच, ‘हे तुम्हाला माहीत आहे का?’ आणि दावा असा, की ‘हँग्री’ हा शब्द एका चॉकलेट कंपनीने जाहिरातीसाठी खास बनवून घेतला. खाली अंगठ्यांची रांग. तिथे वाद घातला तर मावसभाऊ रुसतात, म्हणून इथे लिहिते.

ज्यांच्या कानावर अजून गेला नसेल त्यांच्यासाठी: हंग्री अधिक अँग्री, हँग्री. भुकेपायी खेकसणारा आणि ताट समोर आलं की पुन्हा माणसात येणारा. असा एक नग प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे दोन आहेत.

आधी जाहिरातीचं. स्निकर्सची ती गाजलेली मोहीम २०१० साली अमेरिकेतल्या सुपर बोलच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी सुरू झाली. ८८ वर्षांच्या अभिनेत्री बेटी व्हाइट चिखलात फुटबॉल खेळताना दाखवल्या होत्या, आणि घोषवाक्याचा भाव असा की भूक लागली की तुम्ही तुम्ही राहत नाही. पण त्या घोषवाक्यात शब्द ‘हंग्री’ आहे. ‘हँग्री’ नाही.

आता कोशांकडे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने हा शब्द जानेवारी २०१८ मध्ये दाखल करून घेतला (‘मॅन्सप्लेन’ही त्याच खेपेतला). मेरियम-वेबस्टरने त्याच वर्षी सप्टेंबरात, ८४० नव्या शब्दांच्या घोळक्यात. दाखल करताना ऑक्सफर्डने सगळ्यात जुना पुरावा दिला तो १९५६ सालचा. म्हणजे सुपर बोलच्या त्या जाहिरातीच्या ५४ वर्षं आधीचा! आणि सापडला कुठे, तर ‘अमेरिकन इमागो’ या मनोविश्लेषणाच्या नियतकालिकात. फ्रॉइड आणि हान्स झाक्स यांनी १९३९ मध्ये सुरू केलेलं हे नियतकालिक. तिथे कुणा अभ्यासकाने शब्दांच्या करामतींवर लेख लिहिला होता: मुद्दाम केलेल्या, नकळत झालेल्या, शब्दकोड्यांतल्या, शिवाय टिन पॅन ॲलीच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या काळच्या गाणी-कारखान्याच्या गाण्यांतल्या. त्या गर्दीत आपला हँग्री उभा आहे.

पुढे कित्येक दशकं तो फारसा कुणाच्या तोंडी दिसत नाही. सर्रास वापर एकविसाव्या शतकातलाच, आणि त्यात इंटरनेटचा हात मोठा.

मला खरं कुतूहल वेगळंच आहे. १९५६ हे ‘जन्मसाल’ म्हणून सांगितलं जातं ते मला पटत नाही. कोशातलं साल म्हणजे छापील कागदावर पहिल्यांदा सापडल्याची नोंद. उद्या कुणाच्या माळ्यावरच्या पत्रात त्याहून जुना हँग्री निघाला तर साल मागे सरकेल, इतकंच. आणि हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. शेवटचं ‘ंग्री’ दोघांचं अगदी एक. फरक आधीच्या स्वराचा आणि एका ‘ह’चा. अँग्रीला ह चिकटवा, नाहीतर हंग्रीतला अ थोडा पसरवा, शब्द तयार. इतक्या जवळच्या दोन शब्दांची गाठ शेकडो वर्षांत एकाच माणसाने एकदाच मारली असेल? माझ्या मते हा शब्द अनेकांनी अनेकदा बनवला, वापरला, हसून सोडून दिला. ‘कुणी बनवला’ हा प्रश्नच इथे लागू पडत नाही.

मतं येऊ द्या. इतर जोडशब्दांच्या गमती ठाऊक असतील तर त्याही.

बटाटेभात
मंगळवार, रात्री ९:३०

वाचतोय. जेवून येतो, मग भांडतो.

शब्दकिडा
मंगळवार, रात्री ९:५१

छान धागा. अशा शब्दांना इंग्रजीत ‘पोर्टमँटो’ म्हणतात त्याची कथा बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. लुईस कॅरलच्या ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकात (१८७१) हम्प्टी डम्प्टी तिला एका अगम्य कवितेतले शब्द फोडून दाखवतो. ‘स्लायदी’ म्हणजे ‘लाइद’ आणि ‘स्लायमी’, चपळ आणि बुळबुळीत. हे पोर्टमँटोसारखं आहे, तो म्हणतो, एका शब्दात दोन अर्थ भरलेले. पोर्टमँटो ही तेव्हाची प्रवासी बॅग, पुस्तकासारखी उघडून दोन कप्पे होणारी.

पण या धाग्याच्या कामाचा शब्द त्याच कवितेतला दुसरा आहे: ‘फ्रूमियस’. कॅरलने १८७६ च्या आपल्या एका दीर्घकवितेच्या प्रस्तावनेत तो उलगडलाय. ‘फ्यूमिंग’ आणि ‘फ्यूरियस’ हे दोन्ही शब्द एकदम बोलायचं ठरवा, पण आधी कुठला ते ठरवू नका. मन एकीकडे जरासं जरी झुकलं तर तो शब्द आधी बाहेर पडेल. मन अगदी समतोल असेल तर मात्र तोंडून ‘फ्रूमियस’ निघेल! बघा, रागाचाच शब्द, आणि ‘हँग्री’च्या जन्माचं याहून चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही. भूक आणि राग एकदम तोंडात आले आणि दारात अडकले.

मी_पार्लेकर
मंगळवार, रात्री १०:०४

तिरफळताई, तुमचा मुद्दा गोड आहे पण पटला नाही. शब्द आपोआप उगवत नाहीत. ‘पॉडकास्ट’ बेन हॅमर्सली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’मध्ये लिहिला, तारखेसकट माहीत आहे. ‘ब्रेक्झिट’ पीटर वाइल्डिंगने मे २०१२ मध्ये. ‘स्मॉग’ १९०५ मध्ये लंडनच्या आरोग्य परिषदेत एका डॉक्टरांनी चलनात आणला. धूर अधिक धुकं. प्रत्येक शब्दाला बाप असतो. हँग्रीचा सापडत नाही म्हणजे तो नाहीच, असं कसं?

तिरफळ
मंगळवार, रात्री १०:२६

@मी_पार्लेकर, उदाहरणं चोख आहेत. पण त्यांतच माझं उत्तर आहे.

पॉडकास्ट बनायला आधी आयपॉड जन्मावा लागतो, म्हणजे २००१ च्या आधी प्रश्नच नाही. त्यातही हॅमर्सलीने एकाच वाक्यात दोन-तीन पर्याय प्रश्नचिन्ह लावून ठेवले होते, त्यातला एक टिकला. ब्रेक्झिटच्या आधी फेब्रुवारी २०१२ मध्ये सिटीग्रुपच्या अर्थतज्ज्ञांच्या अहवालात ‘ग्रेक्झिट’ आला, ग्रीस युरोमधून बाहेर पडण्याचा. साचा तयार होता, तीन महिन्यांत त्यात ब्रिटन बसला. या शब्दांना जन्मतारीख आहे कारण त्यांच्या वस्तूला जन्मतारीख आहे.

भूक आणि राग यांना कुठली तारीख? माणूस गुहेत होता तेव्हाही शिकार हुकली की तो बायकोपोरांवर ओरडत असणार.

शिवाय एक पक्का नमुना देते. ‘फ्रेनेमी’, फ्रेंड अधिक एनिमी, वरून मित्र आतून वैरी. अमेरिकी स्तंभलेखक वॉल्टर विंचेल यांनी १९५३ मध्ये लिहिलं की रशियनांना आपण ‘फ्रेनेमी’ म्हणू या का. पुढे १९७७ मध्ये जेसिका मिटफर्ड यांनी एका ब्रिटिश दैनिकात लेख लिहून सांगितलं, की हा शब्द आपल्या बहिणीने लहानपणी शेजारच्या एका कंटाळवाण्या मुलीसाठी काढला होता. मिटफर्ड बहिणी लहान होत्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विंचेलच्या स्तंभाच्या कितीतरी आधी. आता सांगा, बाप कोण? शीतयुद्ध की शेजारची मुलगी? मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मंगळवार, रात्री १०:४०

म्हणजे मित्र म्हणवून घेणारे नातेवाईक गटावर ढकलपत्रं पाठवतात ते फ्रेनेमीच की!

जर्सीकाका
बुधवार, सकाळी ७:१५

इथे एक जुनी आठवण सांगायलाच हवी. अमेरिकेत १९७५ च्या सुमारास एक कोडं वणव्यासारखं पसरलं: ‘इंग्रजीत ‘ग्री’ने संपणारे तीन शब्द आहेत. हंग्री आणि अँग्री हे दोन. तिसरा कोणता?’ लोकांनी ग्रंथालयांना, रेडिओवाल्यांना, कोशवाल्यांना पत्रं लिहून भंडावून सोडलं. मी इकडे आलो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, तरी ऑफिसात ते कोडं फिरतच होतं. आठवडाभर डोकं खाल्लं.

गंमत अशी की वापरातला असा तिसरा शब्दच नव्हता. पुढे कोड्याचा एक चावट अवतार निघाला. त्यात शब्दरचना अशी फिरवलेली, की ‘द इंग्लिश लँग्वेज’ या तीन शब्दांतला तिसरा शब्द विचारलाय असा अर्थ निघतो. उत्तर: ‘लँग्वेज’. ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारायचा.

आता हँग्री कोशात गेला, म्हणजे त्या कोड्याला ४३ वर्षांनी सरळ उत्तर मिळालं. आणि तेसुद्धा कोड्यातल्याच दोन शब्दांना कलम करून!

खुसपट
बुधवार, सकाळी ८:०२

@जर्सीकाका, तिसरा शब्द नव्हता असं नाही. जाडजूड कोशांत खणलं तर ‘ॲग्री’ मिळतो, पश्चिम आफ्रिकेतले, घानाकडचे जुने काचमणी. आणि दुसरा मिळतो तो ऐकून हसू नका: ‘पगरी’. हो, आपली पगडीच! यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तिची नोंद आहे. हिंदी ‘पगड़ी’वरून. उन्हात डोकं तापू नये म्हणून गोरे साहेब हॅटभोवती सुती कापडाचा पट्टा गुंडाळायचे, त्यालाही ते हेच म्हणत. इंग्रजी लेखनात शेवटी तीच तीन अक्षरं आली, म्हणून पगडी त्या कोड्याचं उत्तर ठरली.

तात्पर्य, हंग्री, अँग्री आणि पुणेरी पगडी एका रांगेत.

बटाटेभात
बुधवार, सकाळी ८:१०

भुकेलेला, रागावलेला आणि डोक्यावर पगडी. दुपारी एक ते चारमध्ये दुकानाची बेल वाजवून बघा, तिन्ही एकदम दिसतील.

अवखळ_आज्जी
बुधवार, सकाळी ११:३३

मुलांनो, तुम्ही विलायतेत फिरताय, मराठीचं काय? आपल्याकडे हे एका वाक्यात होतं: पित्त खवळलं. उपाशी राहिलं की पित्त होतं, जळजळतं, डोकं चढतं. आणि कुणाचा राग आला तरी आपण म्हणतो पित्त खवळलं. पोट आणि राग आधीपासून एकाच भांड्यात. वेगळा शब्द बनवायची गरजच पडली नाही.

माझे यजमान चतुर्थीच्या दिवशी चंद्रोदयाच्या आधी तासभर कुणाशी नीट बोलत नसत. आम्ही त्याला पित्तच म्हणायचो.

शब्दकिडा
बुधवार, दुपारी १२:१०

आज्जी, साष्टांग! हे इंग्रजीतही होतं बरं का. ‘कॉलर’ म्हणजे पित्त, त्यावरून ‘कॉलेरिक’ म्हणजे तापट. ‘बिलियस’ म्हणजे पित्तप्रकृतीचा, आणि कुरकुऱ्याही. ग्रीकांच्या चार दोषांचा तो वारसा. तिकडे ते वैद्यक मागे पडलं आणि हे शब्द पुस्तकी झाले. आपल्याकडे पित्त अजून रोज होतं, म्हणून वाक्प्रचारही जिवंत.

जाता जाता थोडी मुळं खणतो. ‘हंग्री’ जुन्या इंग्रजीपासूनचा, थेट घरचा. ‘अँगर’ मात्र पाहुणा, जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘आंगर’वरून आलेला, आणि तिथे त्याचा अर्थ राग नव्हे, तर दुःख, क्लेश. त्याच्या गोतावळ्यात लॅटिन ‘अंगुस्तुस’ म्हणजे अरुंद, जर्मन ‘एंग’ म्हणजेही अरुंद, आणि ‘आंग्स्ट’. आणि आपल्याकडे संस्कृतात ‘अंहु’ म्हणजे अरुंद, ‘अंहस्’ म्हणजे क्लेश, संकट, पाप. ऋग्वेदात देवांना वारंवार विनवलंय, की आम्हाला अंहसातून सोडवा. मूळ कल्पना कोंडीची. जीव कोंडला की दुःख, मग राग.

आणि ‘बुभुक्षितः किं न करोति पापम्’ आठवा. भुकेला माणूस कुठलं पाप करणार नाही? या वचनात भूक आहे, पाप आहे. आणि पापाचा एक जुना शब्द ‘अंहस्’ हा ‘अँगर’चा नातलग आहे. ओढूनताणून असेल, पण मला मजा वाटली.

नाशिकची_मिसळ
बुधवार, दुपारी १२:२५

म्हणजे शेवटी अँग्री संस्कृतातूनच आला ना!

शब्दकिडा
बुधवार, दुपारी १२:३१

नाही हो. दोघांची आजी एक. एक नात दुसरीची आई नसते.

डॉ_अर्धशिशी
बुधवार, दुपारी ३:४५

ओपीडीतून टंकतोय, शुद्धलेखनाला क्षमा. हा प्रकार शरीरात खरोखर होतो का, यावर थोडं.

रक्तातली साखर उतरली की शरीर ती वर आणायला ग्लुकॅगॉन, ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं. यातली शेवटची दोन ताणाच्या प्रसंगीही सुटतात. म्हणजे शरीर लढायला सज्ज, आणि समोर शत्रू नाही, भाजी चिरणारी बायको आहे.

२०१४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ब्रॅड बुशमन यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. १०७ जोडपी, २१ दिवस. प्रत्येकाला जोडीदाराचं प्रतीक म्हणून एक बाहुली आणि ५१ टाचण्या दिल्या. रोज रात्री एकट्याने, मनात जितका राग असेल तितक्या टाचण्या खुपसायच्या. झोपण्यापूर्वी साखर कमी असलेल्यांनी टाचण्या जास्त खुपसल्या. आपल्याकडे लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी आता विज्ञानाच्या नावाने नाक मुरडू नये.

२०२२ मध्ये मध्य युरोपातल्या ६४ लोकांनी २१ दिवस फोनवर दिवसातून पाच वेळा आपली भूक आणि मूड नोंदवला. चिडचिडीतल्या चढउतारापैकी ३७ टक्के आणि रागातल्या ३४ टक्के चढउताराचा संबंध भुकेशी लागला. माणसं थोडी आहेत, पण प्रयोगशाळेतली नाहीत, रोजच्या जगण्यातली आहेत. म्हणून मला तो अभ्यास आवडतो.

मात्र २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मॅकॉर्मॅक आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं, की नुसत्या भुकेने राग येत नाही. आजूबाजूला काहीतरी खुपणारं घडावं लागतं. आणि आपल्या मनात काय चाललंय याकडे ज्याचं लक्ष असतं, त्याच्यावर भुकेचा असर कमी. पेशंट स्वतःच ‘हँग्री’ हा शब्द वापरतात, तेव्हा मला बरं वाटतं. निदान कारण तरी ओळखलेलं असतं.

विलायतवासी
बुधवार, सायंकाळी ५:५०

लंडनहून. इकडच्या कॉकनी बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळतात. ‘हाऊस’चं ‘आऊस’ होतं. त्या न्यायाने अस्सल कॉकनी माणूस ‘हँग्री’ म्हणाला तर ऐकू येतं ‘अँग्री’. जोडशब्दाचा अर्धा भाग गिळून मोकळा! तो भुकेला आहे हे त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखायचं.

मराठीत आणखी वेगळी पंचाईत. छापताना तो चंद्र उडाला की ‘हँग्री’चा ‘हंग्री’ होतो. एका मराठी पुरवणीत मी वाचलं होतं, ‘हंग्री म्हणजे हंग्री आणि अँग्री यांचा संयोग’. बिचाऱ्या वाचकाने काय समजायचं?

म्हापशेकार
बुधवार, सायंकाळी ६:२०

एक अवांतर पण अगदी अवांतर नाही. १९५६ म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात जॉन ऑस्बर्न यांचं नाटक आलं आणि ‘अँग्री यंग मेन’ हे बिरुद पिढीभराच्या लेखकांना चिकटलं. बिरुद काढलं त्या नाट्यगृहाच्याच प्रसिद्धी अधिकाऱ्याने. आणि १९६१ मध्ये पाटण्याहून मलय रायचौधुरी, शक्ती चट्टोपाध्याय वगैरे बंगाली कवींनी ‘हंग्री जनरेशन’ उभी केली. ‘हंग्री’ त्यांनी चॉसरच्या एका ओळीतून उचलला.

एक चळवळ अँग्री, एक हंग्री. मध्ये पाच वर्षांचं अंतर. दोन्हीकडच्या मंडळींना एका हॉटेलात बसवलं असतं तर बिल कुणी भरलं असतं हा प्रश्नच आहे. आणि मग १९७० च्या दशकात आपला हिंदी सिनेमातला अँग्री यंग मॅन.

स्पष्टवक्ता_नगरी
बुधवार, रात्री ८:१५

सगळं ठीक. पण ही शब्दांची कत्तल आहे. दोन चांगले शब्द घ्यायचे, एकाचं मुंडकं, दुसऱ्याचं धड. आपला समास बघा. राजवाडा, पोळपाट, देवघर. दोन्ही शब्द मानाने उभे. इंग्रजीला समास येत नाही म्हणून ही कसरत.

खुसपट
बुधवार, रात्री ८:४०

इंग्रजीत समास ढिगाने आहेत. आणि तुम्ही सकाळपासून ‘बॉलीवूड’च्या बातम्या वाचत असाल, ती काय देवघरातली आहे? त्याच्याही आधी ‘टॉलीवूड’. १९३२ मध्ये विल्फर्ड डेमिंग या अमेरिकी अभियंत्याने कलकत्त्याच्या टॉलीगंजमधल्या स्टुडिओंना ते नाव दिलं. मुंबईने नंतर त्याच साच्यात स्वतःला बसवलं.

घरांची नावंही बघा. सुमन आणि मनोहर यांच्या बंगल्याचं नाव ‘सुमनोहर’. कत्तल प्रेमाने केली की चालते वाटतं!

पोळीभाजी_केंद्र
बुधवार, रात्री ९:०५

मग मराठीत करूनच बघू. माझे पर्याय: भुकसंताप, क्षुधाक्रोध, खाखावसा.

नाशिकची_मिसळ
बुधवार, रात्री ९:०९

खाखावसा हा मासळीचा प्रकार वाटतो.

शब्दकिडा
बुधवार, रात्री ९:२२

पहिले दोन समास झाले, जोडशब्द नव्हेत. हंग्री-अँग्रीची खुबी म्हणजे दोन्ही शब्द शेपटीला एक आहेत. आपल्याला डोक्याला एक असलेले मिळतात: क्षुधित आणि क्षुब्ध. दोघांत ‘क्षु’. एकमेकांवर सरकवले की ‘क्षुब्धित’. बोलताना जीभ अडखळते हे कबूल, पण उपाशी माणसाने असंच बोलायला हवं.

सांजवात
बुधवार, रात्री ९:४१

‘क्षुब्धित’ ऐकला तर कुणालाही क्षुब्धचंच लांबडं रूप वाटेल, भूक कुठेच दिसणार नाही.

माझा घ्या: उपासंताप. उपास आणि संताप. मधला ‘स’ दोघांचा सामायिक. ‘आज एकादशी आहे, आईला उपासंताप झालाय, जरा जपून.’

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
बुधवार, रात्री ९:४४

वा! दंडवत! आत्ताच बायकोला वाचून दाखवला. ती साबुदाणा भिजवत होती. पुढचं लिहीत नाही.

कोल्हापुरी_ठसका
बुधवार, रात्री ९:५८

अहो सांजवात, हा शब्द आमच्या घरात कधीपासूनचा आहे! माझ्या आत्याने काढलेला. महाशिवरात्रीला आमच्याकडे चुलते-पुतण्यांची हमखास जुंपायची, तेव्हा ती म्हणायची, उपासंताप चाललाय, ताक द्या रे त्यांना. तुम्ही आत्याला ओळखता का?

सांजवात
बुधवार, रात्री १०:०३

नाही हो! देवाशपथ आत्ता सुचला. आमचं कोल्हापूरला कुणीच नाही.

मी_पार्लेकर
बुधवार, रात्री १०:१५

बरं. तिरफळताई, मी निम्मा मुद्दा मागे घेतो. निम्माच. कोल्हापूरच्या आत्याबाईंचं नाव-गाव लिहून ठेवा, कोशवाले आले की कामाला येईल.

पंतोजी
गुरुवार, सकाळी ६:५०

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण ‘उपासंताप’ हा काटेकोर अर्थाने जोडशब्द नाही. उपासाने आलेला संताप, हा सरळ तृतीया तत्पुरुष. दोन ‘स’ लागोपाठ आले, त्यातला एक बोलताना गळला. नाककटाचा नकटा झाला तसं. भाषाशास्त्रात याला वेगळं नाव आहे, समाक्षरलोप. खऱ्या पोर्टमँटोमध्ये शब्दाचा तुकडा मोडून टाकलेला असतो. इथे काहीच मोडलेलं नाही, दोन्ही शब्द अखंड वाचता येतात.

तिरफळ
गुरुवार, सकाळी ९:२०

पंतोजी, तुमचं खरं आहे, आणि तेच मला आवडलं. वर नगरकरांनी जी कत्तल म्हटली ती इथे झालीच नाही. पण मग एक विचारते. हँग्रीत तरी काय मोडलंय? ‘अँग्री’ सबंध आत आहे. ‘हंग्री’तलाही एका स्वराशिवाय सगळा माल शाबूत. म्हणून अभ्यासक असे शब्द वेगळे काढतात, ज्यांत दोन शब्दांचा मोठा भाग एकमेकांवर बसतो. स्मॉगमध्ये तसं नाही. तिथे ‘स्मोक’चा शेवट गेला आणि ‘फॉग’चा ‘फ’ गेला, दोघांचंही नुकसान. तेव्हा हँग्री आणि उपासंताप यांतलं अंतर तुम्ही म्हणता तितकं मोठं नसावं. एक तत्पुरुष आहे, दुसरा नाही, एवढं मान्य.

अर्थाचं मात्र बघा. आपला शब्द व्रताला बांधलेला आहे. दुपारचा डबा उशिरा आला म्हणून ऑफिसात चिडलेल्याला उपासंतापी म्हणता येईल का? त्याने उपास धरलेला नाही, त्याला तो घडलाय.

कोल्हापुरी_ठसका
गुरुवार, सकाळी १०:०५

‘उपास घडला’ म्हणतोच की आपण. चालतंय!

जर्सीकाका
गुरुवार, सायंकाळी ७:३०

शेवटची एक शंका. हँग्री झालं विशेषण. नाम काय? हंगर अधिक अँगर म्हणजे ‘हँगर’ हवं. इकडे पोरं गमतीने म्हणतातही. पण ‘मला हँगर आलाय’ म्हटलं की लोक शर्ट शोधतात.

शब्दकिडा
गुरुवार, सायंकाळी ७:४८

म्हणूनच ते नाम विशेषणाइतकं चाललं नाही. जागा आधीच कपाटातल्या हँगरने अडवलेली, त्यामुळे लोक ‘हँग्रीनेस’कडे वळले. आपलं नेमकं उलटं आहे. उपासंताप नाम म्हणून तयार, विशेषणावर मतदान बाकी. ‘उपासंतापी’ की ‘उपासंतापलेला’?

अवखळ_आज्जी
गुरुवार, रात्री ८:०१

उपासंतापलेला. ‘तापलेला’ ऐकू यायला हवं.